फौजेतून परतलेल्या माणसाची झोप: युद्धाच्या मानसिक जखमेबद्दल साध्या भाषेत

सोलापूर जिल्ह्यात कुणी फौजेतून पेन्शनवर आला की गाव त्याची मिरवणूक काढतं. फाट्यापासून उघडी जीप, डोक्याला फेटा, कपाळाला गुलाल, पुढे डीजे आणि वेशीपाशी फटाक्यांची लांबलचक माळ. गावाला मनापासून आनंद झालेला असतो. त्या माळेच्या आवाजाने जीपमधल्या माणसाच्या तळहातांना घाम सुटला असेल, त्याची नजर गर्दीतल्या हातांकडे आणि गच्च्यांच्या कडांकडे जात असेल, हे मात्र कुणाला दिसत नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याला 'मेजर' म्हणायला लागतात. मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो नाहीतर सुभेदार म्हणून. आणि मेजरला रात्री झोप लागत नाही, ही गोष्ट मेजरने पारावर बसून कशी सांगायची?

या लेखात त्या न सांगितलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. चकमक, स्फोट, सोबत्याचा मृत्यू असं काही भोगून आलेल्या काही माणसांना पुढे एक आजार होतो. डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात, मराठीत आघातोत्तर ताणविकार. तो ओळखता येतो. त्यावर चांगले उपचार आहेत. आणि माणूस त्यातून किती बाहेर येतो, हे बरंचसं घरी परतल्यावर त्याला कसं वागवलं जातं यावर ठरतं. या तिसऱ्या गोष्टीवर मी जास्त भर देणार आहे, कारण ती तुमच्याआमच्या हातातली आहे.

लढाई पाहिलेला प्रत्येक जण आजारी पडतो असं नाही, हे आधी सांगायला हवं. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा १९८०च्या दशकात मोठा अभ्यास झाला. त्यात पुरुष सैनिकांपैकी दहातल्या सुमारे तिघांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार झाल्याचं आढळलं. २००६मध्ये तीच माहिती जास्त कडक निकषांनी पुन्हा तपासली, तेव्हा हे प्रमाण पाचात एकापेक्षाही थोडं कमी निघालं. म्हणजे इतकं भीषण युद्ध पाहूनही बहुतेकांना हा आजार झाला नाही. त्यामुळे माजी सैनिक दिसला की त्याचं डोकं तापटच असणार असं धरून चालणं अन्यायाचं आहे. आणि ज्याला आजार झाला त्याला "बाकीच्यांना बरं काही होत नाही" असं सुनावणंही तेवढंच अन्यायाचं.

घरात दिसतं ते काय

समजा, मोहोळ तालुक्यातलं एक घर. घर कल्पनेतलं आहे, पण त्यातली प्रत्येक खूण अशा घरांमध्ये खरोखर दिसणारी आहे. घरचे कर्ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, वय चाळिशीच्या आसपास. काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना त्यांच्या गस्तीतली पुढची गाडी सुरुंगावर गेली होती. आता ते चिंचोळी एमआयडीसीत रात्रपाळीला सुरक्षारक्षक आहेत.

सुट्टीच्या दिवशीही ते पहाटे दोनला उठतात, कडी तपासतात, घराभोवती एक चक्कर मारतात. झोपेत ओरडतात. एकदा बायकोने हलवून उठवलं तर त्यांनी तिचा गळा धरला. शुद्धीवर आल्यावर मोरीत जाऊन रडले. तेव्हापासून ती मुलांजवळ झोपते, आणि सासूबाईंना वाटतं नवराबायकोचं पटत नाही. डिझेल जळाल्याचा वास आला की त्यांना मळमळतं. हॉटेलात गेले तर भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतात. लग्नकार्याला जात नाहीत, भावकीत "पेन्शन आली तसा माज आला" अशी कुजबुज होते. युनिटमधल्या मित्रांचे फोन उचलत नाहीत. मुलगा दहावीत चांगल्या मार्कांनी पास झाला, पेढे वाटले गेले, आणि त्यांना आत काहीच जाणवलं नाही. आपल्याला आनंद का होत नाही, याची त्यांना स्वतःलाच भीती वाटली. संध्याकाळी कॅन्टीनची बाटली उघडली की थोडा वेळ बरं वाटतं.

डॉक्टर या सगळ्या खुणा साधारण चार गटांत पाहतात. घडून गेलेलं न बोलावता परत येणं: दुःस्वप्नं, एखाद्या वासाने किंवा आवाजाने सगळं डोळ्यांपुढे उभं राहणं. त्याची आठवण करून देणारी माणसं, जागा, विषय टाळणं. मन बधिर होणं, स्वतःला दोष देणं, कुणावरच विश्वास न बसणं. आणि शरीराने सतत सावध राहणं: दचकणं, चिडणं, झोप उडणं. भयंकर प्रसंगानंतर पहिले काही आठवडे यातलं बरंच काही कुणालाही होऊ शकतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिन्याहून जास्त काळ टिकलं आणि त्यामुळे घर, नोकरी, नाती बिघडायला लागली, तर तो आजार समजून तपासणी करायची.

कधीकधी आजाराचं पूर्ण रूप सहा महिन्यांनी, काही वर्षांनीही दिसतं. नोकरीत असताना परेड, ड्यूटी, रोल कॉल यांत दिवस भरलेला असतो. आजूबाजूची माणसं तेच भोगलेली असतात, त्यामुळे न बोलताही एकमेकांना कळतं. घरी आल्यावर हे सगळं एकदम जातं. त्याऐवजी येते वाटणी, सातबाऱ्यावरचं नाव, बोअरचं पाणी आणि रिकामी दुपार. १९९९च्या कारगिल युद्धात विशीत असलेले जवान आज पन्नाशीच्या आसपास आहेत, त्यांच्यापैकी कुणाला आता त्रास सुरू झाला, तर "इतक्या वर्षांनी कसं काय?" हा प्रश्न बरोबर नाही. शिवाय स्फोटाजवळ असलेल्या माणसाच्या डोक्याला आतून मार बसलेला असू शकतो. विसरणं, डोकेदुखी, कानात सतत आवाज येणं या तक्रारी त्यामुळेही असतात. म्हणून डॉक्टरांना स्फोटाचा प्रसंग आठवणीने सांगावा.

शरीर असं का वागतं

यंत्रमागाच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलेला सोलापूरकर घरी जेवायला बसला तरी मोठ्याने बोलतो. तो भांडत नसतो. त्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून आवाज चढवायची सवय गळ्याला लागलेली असते, आणि माग बंद पडला तरी ती सुटत नाही. सैनिकाच्या सावधपणाचंही असंच आहे. काश्मीरमधल्या कुपवाड्याच्या जंगलात रात्री पाचोळा वाजला आणि ज्याने विचार न करता आडोसा घेतला, तो वाचला. शरीराने तो धडा पक्का केला. तेच शरीर मोहोळला आल्यावर पाचोळ्याचा अर्थ बदललाय हे त्याला कुणी शिकवलं नाही.

मेंदूच्या आत अमिग्डला नावाचा एक छोटा भाग आहे. धोका हुंगणं हे त्याचं काम. त्याला धोका वाटला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, आणि हे सगळं 'हा आवाज कसला?' असा विचार डोक्यात येण्याआधी होऊन गेलेलं असतं. कपाळामागचा मेंदूचा भाग नंतर परिस्थिती पाहून सांगतो की हा ट्रॅक्टरचा फटका होता, काही नाही. या आजारात पहिला भाग फार लवकर पेटतो आणि दुसऱ्याचा आवर अपुरा पडतो. हिप्पोकॅम्पस नावाचा आणखी एक भाग आठवणीला जागा आणि वेळ जोडतो. अतितीव्र प्रसंगात त्याचं काम नीट होत नाही. मग आठवण तुकड्यांत राहते: जळका वास, वायरलेसवरची खरखर, एक बूट. ती परत येते तेव्हा दहा वर्षांपूर्वीची वाटत नाही. आत्ता, आपल्या ओट्यासमोर चाललंय असं वाटतं. एवढं समजलं की "भित्रा झालाय" हे वाक्य किती चुकीचं आहे ते कळतं. हा माणूस ठरवून दचकत नाही.

मग आजार वर्षानुवर्षं टिकतो कशाने? टाळण्याने. एस.टी. स्टँडवरच्या गर्दीत छाती धडधडली म्हणून माणूस तिथून निघून आला. निघाल्यावर लगेच बरं वाटलं. मेंदूने यातून काय शिकून ठेवलं? गर्दी खरोखर धोक्याची होती आणि पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी स्टँडच्या अलीकडेच धडधड सुरू होते. मग बाजार सुटतो, मग लग्नं, मग देऊळ, आणि शेवटी घरातली एक खोली उरते. आठवणींचंही तसंच होतं: आली की ढकलायची, ढकलायला दारू घ्यायची. दारूने झोप लागते, पण ती मोडकी असते. उत्तररात्री नशा उतरताना दुःस्वप्नं जोर करतात आणि दुसऱ्या दिवशी शरीर आणखी दचकतं. घरच्यांना वाटतं दारूमुळे हे सगळं झालं. अनेक घरांत क्रम उलटा असतो.

भीतीपेक्षा खोल अशी एक जखम असते, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. ती अपराधीपणाची. त्या दिवशी पुढच्या गाडीत माझी जागा होती, मला ताप आला म्हणून माझ्याऐवजी तो बसला. मी एका बाईला थांबायची खूण केली, ती थांबली नाही, मी गोळी झाडली, नंतर कळलं की तिला ऐकूच येत नव्हतं. अशा गोष्टी माणूस पंधरा ऑगस्टच्या भाषणात सांगू शकत नाही. ज्याला आपण हार घालतोय, तो मनात म्हणत असतो की मी या हाराच्या लायकीचा नाही. जितका सत्कार मोठा, तितकं हे आत दाबलं जातं. सत्कार करू नये असं मी म्हणत नाही. पण सत्कार झाल्यावर, सगळे गेल्यावर, कुणीतरी त्याच्याजवळ बसायला हवं, आणि त्याने जे सांगितलं ते ऐकून दचकायचं नाही, निवाडा करायचा नाही, "तू देशासाठी केलंस" असं म्हणून लगेच विषयही मिटवायचा नाही. ते वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं तरी ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ 'पुढे बोलू नकोस' असा लागतो.

इतका उशीर का झाला

पश्चिम महाराष्ट्रातल्या काही गावांत इंग्रजांनी लावलेल्या दगडी पाट्या आजही आहेत: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला गेले. परत आलेल्यांचं काय झालं, ते पाटीवर नाही. त्याच युद्धात, १९१५मध्ये, थरथरणाऱ्या, मुक्या झालेल्या सैनिकांबद्दल 'शेल शॉक' हा शब्द ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पण तेव्हाच्या ब्रिटिश सैन्याने पळून जाणं, भ्याडपणा अशा गुन्ह्यांखाली आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यातल्या ३०६ जणांना ब्रिटिश संसदेने २००६मध्ये मरणोत्तर माफी दिली. त्यांच्यातले कित्येक आजारी होते हे मान्य व्हायला नव्वद वर्षं लागली. पीटीएसडी हे नाव अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या यादीत आलं १९८०मध्ये. आपल्या पुण्यात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे. दिसणाऱ्या जखमेला कुणी खोटी म्हणत नाही.

आपल्याकडे लपवण्याला आणखी एक सरळ, व्यवहारी कारण आहे. फौजेत प्रत्येक जवानाची वैद्यकीय श्रेणी 'शेप' (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांवर ठरते: मन, ऐकणं, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी. त्यातलं पहिलंच अक्षर मनाचं. ते खाली गेलं की माणूस लो मेडिकल कॅटेगरीत जातो, बढती, चांगलं पोस्टिंग, कोर्स यांवर परिणाम होऊ शकतो. घरी बहिणीचं लग्न, डोक्यावर कर्ज. मग जवान काय करील? पाठदुखी सांगील, अ‍ॅसिडिटी सांगील, झोपेबद्दल अवाक्षर काढणार नाही. अनेक वर्षांची ही सवय पेन्शनवर आल्यावर एका रात्रीत जात नाही. निवृत्तीनंतर मात्र ती कॅटेगरी कुणी खाली आणणार नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. डॉक्टरांकडे गेल्याची बातमी सरपंचाकडे किंवा कंपनीच्या सुपरवायझरकडे जात नाही. याच कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायला सांगितलं आहे.

ज्यांना आजारामुळे नोकरी सोडावी लागली, त्यांच्यासाठी अपंगत्व निवृत्तिवेतनाचा प्रश्न असतो. २०१३मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी कागदावर नोंद नसलेला आजार पुढे आढळला, तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळायला हवा. तो सेवेमुळेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. नियम नंतरही बदलले आहेत, म्हणून डिस्चार्ज बुक आणि मेडिकल बोर्डाचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ते कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवा. ते हरवल्यामुळे लोक फार अडतात.

उपचार म्हणजे नेमकं काय करतात

"डॉक्टर झोपेच्या गोळ्या देऊन गुंगीत ठेवतात" ही आपल्याकडची सर्वसाधारण समजूत. या आजारात ज्या उपचारांचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे ते बोलण्याचे उपचार आहेत, गप्पा मारण्यापेक्षा पुष्कळ वेगळे. एका पद्धतीत माणूस प्रशिक्षित तज्ज्ञासमोर तो प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगतो. पहिल्यांदा घाम फुटतो, आवाज जातो. सांगत सांगत तुकडे जुळतात, त्यांना सुरुवात आणि शेवट मिळतो, आणि शरीराला हळूहळू उमगतं की आठवणीने इजा होत नाही. त्याच्याच जोडीने टाळलेल्या जागांची यादी करतात, सोप्यापासून अवघडापर्यंत. आधी सकाळी सातला, दुकानं उघडायच्या आत, नवी पेठेतून चालत जायचं. मग दुपारी. मग स्टँडवर अर्धा तास बसायचं आणि धडधड आपोआप उतरेपर्यंत उठायचं नाही. धडधड उतरते, हे स्वतः अनुभवणं हाच इथला इलाज. साधारण आठ ते पंधरा बैठका लागतात.

दुसऱ्या पद्धतीत प्रसंगातून मनाने काढलेले निष्कर्ष तपासतात. 'तो माझ्यामुळे गेला.' सुरुंग कुणी पेरला? तुला त्या सकाळी काय माहीत होतं, आणि आज काय माहीत आहे? अपराधीपणाने पोखरलेल्या माणसाला ही पद्धत फार उपयोगी पडते. ईएमडीआर नावाची तिसरी पद्धत आहे. तीत आठवण मनात धरून डोळ्यांची ठरावीक हालचाल करायला लावतात. ऐकायला विचित्र वाटते, पण तिच्यामागेही चांगला पुरावा आहे.

औषधांत सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारखी आहेत. त्यांचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात आणि बरं वाटायला लागल्यावरही ती काही महिने घ्यायची असतात. आपल्याकडे नेमकी गडबड इथे होते: आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडली, किंवा बरं वाटलं म्हणून सोडली. या गोळ्यांची चटक लागत नाही. चटक लागते ती अल्प्राझोलामसारख्या, लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची. या आजारावर मुख्य इलाज म्हणून त्या देऊ नयेत असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आधीपासून घेत असाल तर मात्र एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करा.

दारूबद्दलही एक महत्त्वाचं. आपल्या भागात माणूस पंढरपूरला जाऊन माळ घालतो आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवत नाही. या निश्चयाबद्दल मला आदर आहे. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय कापणं, भास, आकडी असं होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना भेटा, ते आठवडाभराची औषधं देतील, आणि मग माळ घाला. देवऋषी, लिंबू, 'बाहेरचं बघणं' यांत मात्र महिने जातात, पैसे जातात, आणि माणसाच्या मनात आपल्याला काहीतरी लागलंय ही नवी भीती बसते. भजनात बसल्याने, अक्कलकोटला जाऊन आल्याने मनाला आधार मिळत असेल तर तो उपचाराच्या जोडीने जरूर घ्यावा.

सोलापुरात कुठे जायचं

माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३पासून आहे आणि सोलापुरात तिचं पॉलिक्लिनिक आहे. तिथल्या डॉक्टरांना झोपेबद्दल सांगा. ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याचं पत्र देतात. कार्ड नसेल, किंवा तिथे ओळखीचे लोक भेटतील याचा संकोच वाटत असेल, तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, केसपेपर काढून मानसोपचार विभागात जाता येतं. घरातून बाहेर पडायचीच तयारी नसेल तर १४४१६ हा टेलि-मानस या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. सैन्यदलासाठी याच सेवेचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. पहिल्या भेटीत सगळं सांगायची गरज नसते. "झोप लागत नाही आणि मी फौजेत होतो" एवढं वाक्य पुरेसं आहे.

जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार बोलण्यात डोकावला, "मी नसलो तरी तुमचं भागेल" असं कानावर आलं, अचानक कागदपत्रं, ठेवी, वारसनोंद लावायची घाई दिसली, तर सरळ विचारा: "तुमच्या मनात मरायचे विचार येतात का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात घातली जात नाही, उलट ओझं हलकं होतं. बँकेत गार्डची नोकरी करणाऱ्या अनेक माजी सैनिकांच्या घरी परवान्याची बारा बोअरची बंदूक असते. अशा दिवसांत ती घरात नको. निवडणुकीच्या काळात परवानाधारक पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करतात. काही महिने तसं ठेवता येईल का ते ठाण्यात विचारा, आणि हे ज्यांचं शस्त्र आहे त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने करा. चोरून काढून घेतल्यासारखं वाटलं तर विश्वास तुटतो.

घर आणि गाव

मानसशास्त्रज्ञ ख्रिस ब्रुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं की हा आजार कुणाला होतो हे कशावरून ठरतं. लहानपण, शिक्षण, आधीचे आजार यांपेक्षा जास्त वजन निघालं ते आघाताच्या तीव्रतेचं, नंतरच्या आयुष्यातल्या ताणांचं आणि नंतर आधार न मिळण्याचं. पहिली गोष्ट सीमेवर घडून गेलेली असते. बाकीच्या दोन आपल्या अंगणात घडतात. पेन्शनवर आलेल्या भावाला पहिल्याच वर्षी वाटणीच्या कोर्टात खेचणं, पेन्शनच्या रकमेवर नातेवाइकांनी हात पसरणं, हे माझ्या दृष्टीने साधे घरगुती विषय नाहीत. आजारावर त्यांचा परिणाम होतो.

मदत करायची म्हणून खोदून विचारू नये. "सांग ना, तिथे काय काय झालं, किती मारले?" हा प्रश्न पोरांनी विचारला तरी मोठ्यांनी थांबवावा. झोपेतून उठवताना अंगाला हात न लावता, थोडं लांब उभं राहून नावाने हाक मारावी आणि आपण कुठे आहोत ते सांगावं: "अहो, घरी आहात, मोहोळला." चिडले तर त्या क्षणी वाद नको, तासाभराने बोलावं. आणि त्रास आजारामुळे होत असला तरी मारहाण सोसायची नसते. तशी वेळ आली तर मुलांना घेऊन माहेरी किंवा शेजारी जावं, पोलिसांची मदत लागली तर घ्यावी.

आवाजाचं नियोजन करता येतं. अचानक आलेला आवाज आणि माहीत असलेला आवाज यांत शरीर फार फरक करतं. संक्रांतीच्या सुमाराला गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. त्याचा दिवस आणि वेळ आधी कळते. ज्यांना त्रास होतो त्यांना आधी सांगा, जायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या, जायचं असेल तर कडेला, बाहेर पडायची वाट दिसेल अशा जागी उभे राहा. नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा चुकवायची तर गरजच नाही. गावच्या मिरवणुकीतही माळ लावायची की नाही, हे आदल्या दिवशी फोन करून त्याच माणसाला विचारता येईल. त्यात अवघड काही नाही.

सगळ्यात जास्त एकटी पडते ती त्यांची बायको. नवऱ्याची अब्रू, सासरचं मत, मुलांचा अभ्यास, सगळं तिच्या अंगावर. तिची झोप उडालेली असते, तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं असतं, मुलगी वडिलांची चाहूल लागली की टीव्ही बंद करते. ताई, ते डॉक्टरांकडे यायला तयार नसतील तर तुम्ही जा. ईसीएचएसमध्ये माजी सैनिकाच्या पत्नीलाही हक्क आहे; तुमचं कार्ड काढलेलं नसेल तर काढून घ्या. डॉक्टरांना तुमच्या झोपेबद्दल सांगा, घरात रात्री काय होतं ते सांगा. नवऱ्याला कसं बोलतं करायचं, कधी गप्प राहायचं, याचा सल्ला तुम्हाला एकटीलाही मिळतो. १४४१६लाही घरच्या माणसाने फोन केलेला चालतो. पुढच्या खेपेला ते तुमच्यासोबत दवाखान्याच्या दारापर्यंत येतील आणि बाहेर बाकावर बसून राहतील. तेवढं आलेलंही चांगलं आहे. त्यांना आत न्यायची घाई करू नका.